पालथं घमेलं : ग्रामीण पोलीस ठाण्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

माझी जन्मतारीख १ जून १९६६. ही आईने सांगितलेली नाही, मास्तरांनी ठरवलेली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं १ जूनलाच जन्मली होती. त्या तारखेचा एक फायदा झाला. ३१ मे २०२४ ला मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि १ जुलैपासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. ३७ वर्षं तोंडात बसलेले ३०२, ३७९, १०७ हे आकडे विसरायचे आणि म्हातारपणी नवे पाठ करायचे, त्यातून महिन्याभराने सुटलो असं वाटलं होतं. पण पुतणी पोलीस शिपाई म्हणून भरती झाली आणि आता प्रशिक्षण केंद्रातून मलाच फोन करते. "आप्पा, चॅप्टर केसचं १०७ म्हणजे आता किती?" मी चष्मा लावून पुस्तक बघतो आणि सांगतो, १२६. (चॅप्टर केस म्हणजे भांडण वाढू नये म्हणून आधीच शांततेचं बंधपत्र घ्यायची कारवाई.)

कलमं ती माझ्याआधी शिकेल. पुस्तकात नसलेलं जे मी तिला फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगतो, ते इथे लिहून ठेवतोय. सगळं ग्रामीण ठाण्याबद्दलचं आहे. शहरातल्यांना कितपत लागू पडेल, त्यांनी बघावं.

भरतीबद्दल थोडंच. मैदानी ५० गुण, लेखी १०० गुण आणि ९० मिनिटं. पोरं १६०० मीटरच्या मागे जीव टाकतात, ते बरोबरच आहे. लेखीत मात्र मराठी व्याकरण सगळ्यात शेवटी, तेही उरलेल्या वेळात उरकतात. नोकरीत सगळ्यात जास्त तेच लागतं. गोळा तुम्ही आयुष्यात पुन्हा फेकणार नाही, पण फिर्याद रोज लिहाल. 'त्याने मला ढकललं' आणि 'त्याला मी ढकललं' यांत एका प्रत्ययाचा फरक. असा प्रत्यय चुकलेली एक फिर्याद मी कोर्टात वकिलाच्या हातात पाहिली आहे. लिहिणारा शिपाई खाली मान घालून उभा होता आणि वकील तेच वाक्य तिसऱ्यांदा वाचत होते.

आता घरचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस कमी, दगड जास्त. आम्ही रामोशी. आजोबा गावची राखण करायचे. काठी, घोंगडी आणि रात्रभर घालायची हाळी. त्याबद्दल सुगीला खळ्यावरून धान्य मिळायचं. पण ते फुकटचं नव्हतं. गावात चोरी झाली तर माग काढायचं काम त्यांचंच. पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं, तिथे शेजारच्या गावच्या राखणदाराला बोलवायचं आणि माग त्याच्या हवाली करायचा. माग गावातच हरवला, तर भरपाईचा तगादा राखणदाराच्याच मागे.

हाच माणूस दुसऱ्या कुठल्या गावात चोरी झाली की पहिला संशयित असायचा. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरू लागला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. आमची जात आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. पण कायदा जाणं वेगळं आणि सवय जाणं वेगळं. मी सात-आठ वर्षांचा असताना शेजारच्या वाडीतून शेळ्या गेल्या. आजोबांना ठाण्यात नेऊन दोन दिवस बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी शेळ्या बाजारात सापडल्या, चोर भलताच निघाला. आजोबा घरी आले, तांब्याभर पाणी प्याले, ओसरीवर झोपले आणि संध्याकाळी काठी घेऊन राखणीला गेले. कुणी त्यांना काही म्हटलं नाही, ते कुणाला काही म्हटले नाहीत.

"मग तुम्ही पोलिसातच कसे गेलात?" असं लोक विचारतात. त्यांना काहीतरी मोठं उत्तर हवं असतं. खरं उत्तर पगार. दुष्काळात जनावरं विकलेल्या घरात पहिल्या तारखेला पैसे येणं म्हणजे काय, ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. १९८७ ला भरती झालो. आई हरखली. आजोबांनी वर्दीचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "जाड आहे."

माग काढायला मी त्यांच्याकडून शिकलो, प्रशिक्षण केंद्रात नाही. ठसा बघायचा तो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. भर दुपारी सपाट उजेडात काही दिसत नाही. ठसा सापडला की आधी त्यावर घमेलं पालथं घालायचं, मग लोकांना बोलवायचं. उलटं केलं तर बघ्यांच्या चपलाच मोजत बसाल. आता फॉरेन्सिकची गाडी येते, श्वान येतो. चांगलंच आहे. पण ते येईपर्यंतचे दोन-तीन तास तुमचे असतात आणि त्या वेळात पुरावा टिकवणं किंवा तुडवणं तुमच्याच हातात असतं.

पहिलं बीट, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला माझ्याकडे नेमून दिलेला भाग, मिळालं त्यात १४ गावं होती, वाड्या-वस्त्या वेगळ्या. बीट म्हणजे तुमचं कुळाचं रान समजा. रोज फेरी मारली नाही तर कुठे काय उगवलंय ते कळत नाही. नवीन शिपाई गावात शिरतो तो थेट सरपंचाच्या अंगणात गाडी लावतो, चहा घेतो, सही घेतो आणि गावभेट झाली म्हणतो. त्याला सरपंचाने सांगितलेलं गाव कळतं. तुम्ही गाडी शिवेजवळ लावा आणि चालत जा. दूध डेअरीवर संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी नुसते उभे राहा. कोण दूध घालायला आलं, कोण नाही, कुणाच्या किटल्या शेजाऱ्याचं पोरगं घेऊन आलं, बघा. एखाद्या घरचं दूध दोन दिवस आलं नाही तर त्या घरात आजारपण असतं किंवा भांडण. मला निम्म्या बातम्या डेअरीवर मिळाल्या आहेत, न विचारता. बाकीच्या पिठाच्या गिरणीवर.

पोलीस पाटलाशी नीट वागा. वंशपरंपरेची पाटीलकी साठच्या दशकात गेली; पोलीस पाटील आता १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमला जातो. परीक्षा होते, प्रांताधिकारी नेमणूक करतात, मानधन एप्रिल २०२४ पासून महिना १५,००० रुपये झालं आहे. त्याआधी ते ६,५०० होतं. त्याची शेती गावात, सोयरीक गावात. रात्री दोनला दार वाजलं की आधी तो उठतो, तुम्ही नंतर. आणि तुम्ही बदली होऊन जाता, तो तिथेच राहतो. त्याने दिलेली बातमी चारचौघांत 'पाटलांनी सांगितलं' म्हणून फोडलीत तर तुमचं काहीच जात नाही, त्याच्या उसाला मात्र काडी लागू शकते. मी हे फोडण्याचं पाप एकदा केलं आहे. ऊस जळाला नाही, पण त्याने पुढे चार वर्षं मला हवापाण्याशिवाय काही सांगितलं नाही.

आता मुळांबद्दल. गावचा पोरगा गावच्या ठाण्यांत काम करतो तेव्हा भाषा आपोआप येते. 'वाफसा' म्हणजे काय, 'पाळी' म्हणजे पाण्याची की वाटणीची, 'भाऊबंद' म्हणताना आवाज कुठे बदलतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. शहरातून आलेले साहेब हुशार असायचे, पण 'बांध कोरला' हे ऐकून त्यांना वाटायचं की माती गेली. माती किती गेली याचा प्रश्न नसतो. तिथे माणसाचा बाप मोजला जातो.

पण जी मुळं दार उघडतात, तीच पायातही अडकतात. मी पोलीस नाईक झालो तेव्हा गावच्या पारावर एक म्हातारा म्हणाला, "नाईक तर तुम्ही आधीपासूनच होता की!" आमच्यात 'नाईक' हाक पिढ्यान्‌पिढ्या आहे. सगळे हसले, मीही हसलो. (ते पदही सरकारने २०२२ ला मोडीत काढलं, हाक राहिली.) त्या हसण्यात एक हिशेब होता. आपला नाईक ठाण्यात आहे, म्हणजे आता आपलं काम होणार. माझ्याच आत्याच्या मुलाचा ट्रॅक्टर नदीपात्रातून वाळू भरताना सापडला. रात्री अकराला फोन सुरू झाले. मी ठाण्यात गेलो आणि आधी स्टेशन डायरीला नोंद केली की आरोपी माझा नातेवाईक आहे, मग साहेबांना तपास दुसऱ्याकडे द्यायला सांगितलं. आत्याकडचं येणंजाणं सहा वर्षं बंद होतं. तिच्या घरच्या लग्नाची पत्रिका शेजाऱ्याकडे आली, आमच्याकडे नाही.

नव्यांना सांगतो, नातं लपवून तपास चांगला करू, अशा भ्रमात राहू नका. सोडलंत तर नात्यामुळे सोडलं म्हणतील, अडकवलंत तर नात्यातला जुना राग काढला म्हणतील. पहिल्या तासाला कागदावर लिहा आणि बाजूला व्हा. कागद झाला की फोन करणाऱ्यालाही कळतं की आता उपयोग नाही, आणि तुम्हालाही रात्री झोप लागते. थोडी.

उलट बाजूने मुळं कामाला आली तो एक प्रसंग सांगतो. एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार केबलसकट गेली. सकाळी मी पोचलो तोवर पन्नास माणसं जमली होती आणि निकाल लागलेला होता. ओढ्यापलीकडे पारध्यांची तीन पालं उतरली होती. "साहेब, चला, आधी ते उठवा." दोघांच्या हातांत काठ्याही होत्या. मला आजोबा ओसरीवर झोपलेले दिसले. मी म्हटलं, जाऊ, पण आधी सगळे बांधाच्या बाहेर व्हा. विहिरीच्या काठावरून मोटार ओढल्याचा पट्टा वीस-पंचवीस पावलं गेला होता. ओढ्याकडे नाही, वस्तीच्या रस्त्याकडे. तिथे ट्रॉलीच्या चाकांचे ठसे होते. एका चाकाच्या नक्षीच्या कडा धारदार, दुसरं चाक पार गुळगुळीत. गावात ट्रॉल्या किती? सात. एक नवा आणि एक गोटा झालेला टायर असलेली एकच. ते सगळ्या गावाला माहीत होतं. मी विचारलं तेव्हा पन्नास माणसांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही, आणि तेच उत्तर होतं.

विहीर सामाईक होती. पाण्याच्या पाळीवरून चुलतभावांत उन्हाळाभर धुसफूस होती. मोटार चुलतभावाच्या कडब्याच्या गंजीत सापडली. विकायची नव्हती, जिरवायची होती. गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं. आणि पालांवर? संध्याकाळी मी एकटा गेलो, नावं-गावं विचारली, एका बाईने मला पाण्याचा तांब्या दिला. सकाळी काठ्या घेऊन आलेली माणसं तिने ओढ्यापलीकडून पाहिली होती. ती त्याबद्दल काही बोलली नाही. पहाटे पालं हलली होती.

म्हणून तिप्पट बजावून सांगतो, संशय जातीवरून, पालावरून, वस्तीवरून सुरू करू नका. चांगुलपणा म्हणून नाही, तर तपास म्हणून. तिकडे गेलात की खरा माग तोवर तुडवला जातो.

आता माझी चूक. ही लिहायची नव्हती, पण पुतणीला सांगितली आहे, तर तुम्हालाही सांगतो. नव्वदच्या दशकात मी ठाणे अंमलदार म्हणून, म्हणजे आलेल्या तक्रारी नोंदवून घ्यायला, बसायचो. एक विधवा बाई यायची, शेजारी बांध कोरतो म्हणून. पहिल्यांदा मी एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, घेतली. दुसऱ्यांदा एन.सी. घेतली आणि सांगितलं, मावशी, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी मान वर न करता तेच लिहिलं. मृगाचा पाऊस पडला, पेरणीची घाई उठली, आणि त्याच बांधावर तिच्या मुलाच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. मुलगा दवाखान्यात पोचलाच नाही. पंचनाम्याला मला नेलं. टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. बांध जिथे ताज्या नांगराने खाल्ला होता, तिथे दीड फूट भरलं.

मला कुणी शिक्षा केली नाही. तीन एन.सी. कागदावर व्यवस्थित होत्या, तारखांसकट. माझ्या हातात काय होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्या एन.सी.नंतर दोन्ही बाजूंवर १०७ चा प्रस्ताव तहसीलदारांकडे पाठवता आला असता. आता तेच कलम १२६ आहे; कार्यकारी दंडाधिकारी एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचं बंधपत्र घेऊ शकतात. शेतात जायची वाट किंवा पाण्याचा ओघ अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडेच दाद मागता येते. त्या बाईला तहसीलचा अर्ज कुठे करायचा हे दोन ओळींत लिहून द्यायला मला पाच मिनिटं लागली असती. 'दिवाणी बाब' हे दोन शब्द ठाण्यात फार सोयीचे आहेत. तुम्हाला ते वापरावेच लागतील. पण वापरल्यावर पुढचं एक वाक्य बोला, मग कुठे जायचं ते.

नव्या कायद्यातले मोजके आकडे हाताशी ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची खबर १७३, अदखलपात्र १७४, अकस्मात मृत्यू १९४. हे सगळे नागरिक सुरक्षा संहितेतले, म्हणजे कामाची पद्धत सांगणाऱ्या कायद्यातले. गुन्ह्याची व्याख्या आणि शिक्षा न्याय संहितेत, हा गोंधळ पहिले सहा महिने सगळ्यांचा होतो. हद्द आमची नाही म्हणून माणसाला परत पाठवायचं नाही, शून्य क्रमांकाने नोंदवून त्या ठाण्याकडे वर्ग करायचं. फिर्यादीला प्रत फुकट द्यायची. ऑनलाइन खबर आली तर तीन दिवसांत येऊन सही करायला सांगायचं. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिताकुमारी निकालातच सांगून ठेवलं आहे. नव्या संहितेत तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ती सवलत आहे, आडोसा नाही.

पंचनाम्याचं आता व्हिडिओ चित्रण करावं लागतं. झडती-जप्तीत तर कलम १०५ सांगतंच. जुन्या लोकांना त्याचा वैताग आहे, मला नाही. पंच फितूर झाला की काय होतं ते मी फार वेळा पाहिलंय. तरी पंच निवडताना कॅलेंडर बघा. आमच्याकडची बरीच कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, मेंढपाळ मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात. ज्याला पंच घेतलात तो खटला उभा राहील तेव्हा कुठल्या कारखान्याच्या फडात असेल, कुणाला माहीत. समन्स घेऊन जाणारा शिपाई रिकाम्या घराला टाळं बघून परत येतो आणि तारीख पडते. गुढीपाडवा ते दसरा ही साक्षीदार सापडण्याची सुगी.

बंदोबस्ताबद्दल फार लिहीत नाही. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाटाने वर चढतात, आषाढाच्या वाटेवर तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं. दोन्हीकडे मी वर्षानुवर्षं उभा होतो. रिंगणातला घोडा मी एकदाही नीट पाहिला नाही, कारण पाठ रिंगणाकडे आणि तोंड गर्दीकडे, हीच ड्युटी. खिशात फुटाणे-गूळ ठेवा, एक नंबर मोठा बूट घ्या, आणि बाजूला बायकांची रांग असेल तर दोर कमरेच्या वर येऊ देऊ नका.

पुतणीला एक गोष्ट वेगळी सांगितली. मी ३७ वर्षांत जे ऐकलं नाही, ते ती पहिल्या महिन्यात ऐकेल. दारूच्या गुत्त्यावर छापा घालायला मी दहादा गेलो, पण गुत्ता कुणाच्या गोठ्यात चालतो हे मला कधी पुरुषांनी सांगितलं नाही. सांगितलं ते बचत गटाच्या बायकांनी आमच्या एका महिला शिपायाला, आणि ते तिने मला सांगितलं. फक्त त्या मुलीला दूरक्षेत्रात, म्हणजे ठाण्याच्या लांबच्या चौकीत, धड स्वच्छतागृह नव्हतं. ती सकाळी सातपासून पाणी न पिता काम करायची. हे मला तिची बदली झाल्यावर कळलं, आणि विचारायचं सुचलं नव्हतं याची लाज आजही आहे. नव्या मुलींनो, पहिल्या आठवड्यात हे तोंड उघडून मागा. मागितल्याशिवाय आमच्या डोक्यात येत नाही.

निवृत्तीनंतर मी गावीच आहे. परवा पहाटे साडेपाचला फोन वाजला. वरच्या वस्तीवरचा पोरगा. "आप्पा, सौरपंपाची केबल गेली. लोक गोळा व्हायला लागलेत. तुम्ही या ना, माग बघायला."

मी म्हटलं, "मी येतो, पण मी आता पोलीस नाही. आधी ११२ ला फोन कर. आणि ठसे दिसतायत का?"

"दिसतायत. दोन-तीन."

"मग घरातली घमेली आण, आणि पालथी घाल त्यांच्यावर. चपला बांधाबाहेर."